शहर पाणी मागायला आलं की पाणी वापर संस्थेनं काय करावं

शहराची वाढीव पाणीपुरवठा योजना मंजूर होते, तिच्यासाठी धरणातलं पाणी आरक्षित होतं, आणि लाभक्षेत्रातल्या, म्हणजे त्या धरणाच्या पाण्यावर भिजणाऱ्या रानातल्या, शेतकऱ्याला ते कळतं थेट कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, एकानं कमी झालेलं असतं. मग धावाधाव, निवेदन, रास्ता रोको. तोवर जॅकवेलचं, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीचं, काम जोत्यापर्यंत आलेलं असतं आणि शासन निर्णयाला वर्ष उलटलेलं असतं.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. नोकरीची बहुतेक वर्षं कालव्यावरच गेली. आता आसपासच्या पाणी वापर संस्थांची, म्हणजे कालव्याचं पाणी मिळून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांची, मोजमापं आणि कागद बघून देतो. शहराला पाणी देऊ नका, असं मी कुठल्याच संस्थेला सांगत नाही. पिण्याचं पाणी पहिलं, हे आपल्या सगळ्यांनाच मान्य आहे. शहरात राहणारी निम्मी माणसं आपल्याच गावांतून गेलेली आहेत. पण किती द्यायचं, कुठं मोजून द्यायचं, किती वर्षांसाठी आणि त्याच्या बदल्यात काय घ्यायचं, हे ठरवताना शेतकरी त्या खोलीत हजर पाहिजे. आणि हजर राहायचं तर हातात आकडे पाहिजेत.

आधी तुमचं पाणी किती, ते कागदावर आणा

आपल्याकडे नदीचं, धरणाचं पाणी शेतकऱ्याच्या मालकीचं नाही, राज्याचं आहे. शेतकऱ्याला मिळतो तो वापराचा हक्क. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ हा त्याचा पाया. या कायद्यानुसार असा हक्क वर्षापुरता किंवा हंगामापुरता दुसऱ्याला देता येतो, विकताही येतो, आणि तेही प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली. कायमची विक्री त्यात बसत नाही. कुणी ‘संस्थेचा पाणी हक्क कायमचा लिहून द्या’ म्हणत असेल तर बोलणं तिथंच थांबवा.

दुसरा कायदाही २००५ चाच: सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन. त्यानुसार संस्थेला पाणी घनमीटरमध्ये मोजून मिळायला हवं, आणि मिळालेल्या कोट्यात कुठलं पीक घ्यायचं ते शेतकऱ्यानं ठरवायचं. या दोन कायद्यांमधली गाठ २०११ च्या दुरुस्तीनं घट्ट केली. पाण्याचं क्षेत्रनिहाय वाटप, म्हणजे पिण्याला किती, शेतीला किती, उद्योगाला किती, हे ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाकडे गेला. आणि जिथं लाभक्षेत्राची निश्चिती व शेतकरी व्यवस्थापन कायद्याच्या बाकीच्या तरतुदी पूर्ण झाल्यात, तिथंच हक्क लागू, असंही ठरलं. याचा सरळ अर्थ असा की तुमच्या संस्थेचे कागद अर्धवट असतील तर भांडायला तुमच्या हातात हक्कच नाही, फक्त सवय आहे. ‘आमच्या आज्यापासून पाणी येतंय’ हे खरं असलं तरी सुनावणीत टिकत नाही.

म्हणून पहिलं काम: संस्थेची नोंदणी, लाभक्षेत्राची अधिसूचना, खात्याबरोबरची संयुक्त पाहणी, करारनामा, चारीचं (कालव्यातून निघणाऱ्या पाटाचं) हस्तांतरण. या पाचांपैकी काय झालंय आणि काय नाही, हे उपविभागीय कार्यालयात जाऊन बघा. बहुतेक संस्थांमध्ये संयुक्त पाहणीशी घोडं अडलेलं असतं, कारण पाहणीत निघालेल्या दुरुस्त्या कुणी केलेल्या नसतात. तसं असेल तर दुरुस्त्यांची यादी जोडून लेखी मागणी करा आणि पोच घ्या. पोच नसलेलं पत्र दिलेलंच नव्हतं, असं धरा.

हे काम शहराचं पत्र यायच्या आधी करायचं. पत्र आल्यावर सुरू केलं तर उशीर झाला.

पट्टी वाचायला शिका

करारनाम्यात कोटा अमुक हजार घनमीटर लिहिलेला असतो, पण प्रत्यक्ष किती मिळालं हे संस्थेला ठाऊक नसतं. खात्याच्या नोंदवहीत जो आकडा असतो तोच खरा मानला जातो. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

चारीच्या मुखाशी पार्शल फ्लूम किंवा कटथ्रोट फ्लूम असतो, म्हणजे वाहतं पाणी मोजायचा अरुंद घशाचा बांधीव मार्ग. बाजूच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली किंवा बसवलेली असते. पाण्याची उंची वाचायची आणि तक्त्यात त्यासमोरचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतंय ते, बघायचा, इतकं ते सोपं. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय त्या आकड्यावर सही करू नका. पहिली, पट्टीचं शून्य फ्लूमच्या तळाच्या पातळीला आहे का. रंगरंगोटीत ते दोन-तीन सेंटिमीटर वरखाली होतं. कमी पाण्यात एवढ्या फरकानं हिशेबच बदलतो. गवंड्याची पारदर्शक नळी पाण्यानं भरून पातळी लावली की दहा मिनिटांत कळतं. दुसरी, पट्टीवरचं शेवाळ आणि तळाचा गाळ काढलाय का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं: फ्लूमच्या खालच्या अंगाला चारीत गवत, बेशरमाची झुडपं, माती साचली की पाणी मागं फुगतं. फ्लूम बुडतो. वरच्या पट्टीवर उंची जास्त दिसते, तक्ता जास्त विसर्ग सांगतो, आणि प्रत्यक्षात पाणी कमी वाहत असतं. म्हणजे तुमच्या नावावर न मिळालेलं पाणी चढतं. फ्लूममधून पाणी घरंगळत खाली उतरताना दिसलं पाहिजे. पुढंमागं सपाट दिसत असेल तर आधी खालची चारी साफ करा, मग मोजा.

आवर्तन चालू असताना दर सहा तासांनी वाचन घ्यायचं, रात्रीसुद्धा. एका वहीत तारीख, वेळ, उंची, विसर्ग लिहायचा आणि शेजारी दोन सह्या: कालवा निरीक्षकाची आणि संस्थेच्या माणसाची. मी बघतो त्या संस्थांपैकी एका ठिकाणी हे काम बारावी झालेल्या दोन मुली करतात, मोबाइलवर पट्टीचा फोटो काढून ठेवतात, वेळेसकट. त्या संस्थेच्या आकड्यावर अजून कुणी बोट ठेवलेलं नाही.

हिशेबासाठी एक आकडा पाठ करा. एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, पाणी चोवीस तास वाहिलं की सुमारे २,४४७ घनमीटर होतं. एका पाळीला हेक्टरी ७५ मिलिमीटर, म्हणजे ७५० घनमीटर धरलं तर त्यात सव्वातीन हेक्टर भिजायला हवं. चारीतच पाव हिस्सा मुरला तर अडीच हेक्टरवर येतं. तुमच्या चारीवर हा हिशेब करून बघा, गळती किती ते आपोआप समोर येईल. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी अख्खा प्रकल्प चालवून दाखवला, तो पाणी मोजून घेण्याच्या आणि मोजून देण्याच्या शिस्तीवरच.

शहराचं गणित मागून घ्या

योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल मागा. सरळ मिळाला नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अहवालात तीन आकडे शोधायचे: लोकसंख्या कुठल्या वर्षाची धरलीय, माणशी रोज किती लिटर धरलेत, आणि गळती किती टक्के.

केंद्राच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर आणि महानगरासाठी १५० लिटर हा मापदंड आहे. गळती १५ टक्क्यांच्या आत असावी, असंही त्यात आहे. आता चार लाख वस्तीचं शहर घ्या. ४ लाख गुणिले १३५, म्हणजे रोज ५ कोटी ४० लाख लिटर. खात्याच्या भाषेत ५४ एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर). वर्षाचे जवळजवळ २० दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे ०.७ टीएमसी (अब्ज घनफूट). १५ टक्के गळती धरली तरी २३ दलघमीच्या आसपासच राहतं. मागणी ४० दलघमीची असेल तर उरलेलं कशासाठी, हा प्रश्न लेखी विचारायचा. उत्तर बहुधा असं येतं की लोकसंख्या तीस वर्षांनंतरची धरलीय, किंवा औद्योगिक वसाहत त्यात मिळवलीय, किंवा जुन्या नळांची गळती चाळीस टक्के आहे. तिन्ही उत्तरं उपयोगी आहेत. तीस वर्षांनंतरची गरज असेल तर पाणी टप्प्याटप्प्यानं द्या, आजच सगळं अडवून ठेवू नका. उद्योगाचं पाणी पिण्याच्या नावाखाली मोजू नका. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता, तो २०११ मध्ये बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. आणि शहराच्या फुटक्या नळांतून वाहून जाणारं पाणी रब्बीच्या गव्हातून कापून घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. आधी नळ दुरुस्त करा, मग मागा, हे ठामपणे म्हणा. हे म्हणताना आवाज चढवायची गरज पडत नाही, आकडे समोर ठेवले की पुरतं.

तुटीच्या वर्षाचा हिशेब

संस्थांची सगळ्यात मोठी फसगत इथं होते. धरण भरलेलं असताना ‘फक्त दहा दलघमी’ ऐकायला किरकोळ वाटतं. उदाहरणादाखल धरणाचा उपयुक्त साठा १०० दलघमी समजा. शहराला २०, बाष्पीभवनाला ५, शेतीला ७५. शहराचं आरक्षण २० वरून ३० झालं तर शेतीचं ७५ वरून ६५. तेरा टक्के कपात. चालवून घेऊ, असं वाटतं.

आता पाऊस कमी झालेलं वर्ष घ्या. १५ ऑक्टोबरला धरणात ६० दलघमीच आहे. शहराचं आरक्षण आधी बाजूला निघतं, पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं. बाष्पीभवन काही थांबत नाही. जुन्या आरक्षणात शेतीला उरले असते ३५. नव्यात उरतात २५. म्हणजे त्याच दहा दलघमीनं तुटीच्या वर्षात शेतीचं जवळजवळ २९ टक्के पाणी नेलं. धरण चाळीस टक्क्यांनी कमी भरलं, शेतीचं पाणी मात्र पूर्ण भरलेल्या वर्षाच्या ६५ वरून २५ वर, साठ टक्क्यांहून जास्त खाली आलं.

हे कोष्टक कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत लिहून सभेत भिंतीला लावा. चांगलं वर्ष, मध्यम वर्ष, वाईट वर्ष, तीन ओळी पुरतात. शहराशी बोलणी करताना धरायची मागणी यातूनच निघते: तूट वाटून घ्यायची. धरण साठ टक्के भरलं तर शहरानंही आपल्या आरक्षणात काही टक्के कपात सोसायची, एक दिवसाआड पाणी द्यायचं, बांधकामाला आणि बागांना प्रक्रिया केलेलं पाणी वापरायचं. माणसाच्या पिण्याच्या, स्वयंपाकाच्या पाण्याला हात लावू नका. त्याच्या वरचं जे आहे त्यावर बोला.

पाणी कुठं मोजलं, यावर अर्धी लढाई

धरणाच्या भिंतीपाशी मोजलेले एक दलघमी, कालव्याच्या मुखाशी मोजलेले एक दलघमी आणि शेतात पोचलेले एक दलघमी, हे तीन वेगळे आकडे आहेत. शहर बंद नळानं थेट धरणातून उचलतं, त्याचं पाणी वाटेत फारसं जात नाही. शेतीचं कालव्यातून जातं. म्हणून तुलना नेहमी एकाच ठिकाणची करायची, धरणापाशीची.

शहर नदीतून किंवा कालव्यातून पाणी नेणार असेल तर जास्त सावध राहा. सोलापूरचं उदाहरण महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडायचं, ते वाहत वाहत औज बंधाऱ्यात पोचायचं आणि तिथून शहरानं उचलायचं. पात्र भिजवण्यात, बाष्पीभवनात आणि वाटेवरच्या उपशात इतकं जातं की शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी धरणातून सोडावं लागत आलं. उजनीपासून थेट जलवाहिनी टाकण्याचा आग्रह म्हणूनच होत आला. तुमच्याकडे असा प्रस्ताव असेल तर पहिली अट बंद जलवाहिनीची घाला. वाटेतलं नुकसान शहराच्या खात्यावर टाका, शेतीच्या नको. तसंच शहरासाठी जून-जुलैपर्यंत साठवून ठेवलेल्या पाण्याचं उन्हाळ्यातलं बाष्पीभवनही शहराच्याच खात्यावर. हे कलम कुणी सहसा घालत नाही.

विहिरी मोजा, कारण त्या कुठंच लिहिलेल्या नसतात

कालव्याखालच्या एका गावात याच विषयावर सभा होती. आकडे वाचून झाल्यावर मागं बसलेल्या एका बाई उठल्या. त्यांचं रान लाभक्षेत्राच्या बाहेर, चारीच्या शेपटाच्याही पलीकडं. त्या म्हणाल्या, “साहेब, कालव्याचं पाणी माझ्या रानात कधी आलं नाही. पण कालवा सुटला की चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या विहिरीला पाणी चढतं. त्यावर माझी दोन एकर ज्वारी आणि चार जनावरं जगतात. तुमच्या कागदावर माझी विहीर कुठाय?”

कुठंच नव्हती. करारनामा लाभक्षेत्राचा असतो, आणि गळतीवर जगणाऱ्या विहिरी लाभक्षेत्राच्या बाहेरही असतात. कालव्यातून मुरणाऱ्या पाण्याला खातं गळती म्हणतं, पण त्यातलं बरंचसं खालच्या विहिरींत जातं. आवर्तन कमी झालं, किंवा कालव्याला अस्तर घालून ‘वाचवलेलं’ पाणी शहराला दिलं, की त्या विहिरी आटतात आणि त्यांचे मालक सभासदही नसतात.

म्हणून कालव्याच्या दोन्ही अंगांच्या विहिरींची यादी करा: गट नंबर, खोली, कुठलं पीक, किती जनावरं. त्यांतल्या काही निवडून आवर्तनाच्या आदल्या दिवशी आणि संपल्यावर पाण्याची पातळी टेपनं मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी तुमच्या पाणलोटात असतीलच; त्यांच्या ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांतल्या नोंदी मागून घ्या. दोन वर्षांच्या अशा नोंदी झाल्या की कुणाला किती फटका बसेल हे सांगता येतं. भरपाईच्या यादीत ही माणसं यायला हवीत. शेतमजुरांचंही तसंच. पाणी गेलं की ऊस, भाजीपाला जातो आणि त्यावरची खुरपणी-तोडणीची मजुरी जाते, पण मजुराच्या नावावर गटही नाही आणि हक्कही नाही.

शहराजवळच्या गावांत आणखी एक प्रकार चालतो. विहिरीचं पाणी टँकरनं शहरात विकायचं. एकाचा फायदा होतो आणि शेजारच्या चार विहिरी तळ गाठतात. ग्रामसभेत ठराव करून याला वेळीच आळा घाला. एकीकडं शहराशी बोलणी आणि दुसरीकडं रात्रीचे टँकर, अशानं संस्थेच्या शब्दाला किंमत राहत नाही.

द्यायचंच तर कसं द्यायचं

माझं मत स्पष्ट आहे: पाणी मुदतीनं द्या आणि जमीन पाळीपाळीनं पडीक ठेवा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या क्राउली काउंटीत शेतकऱ्यांनी आपले हक्क शहरांना कायमचे विकले. पैसे आले आणि गेले, रानात तण माजलं, गावातली दुकानं बंद पडली. त्याच देशात कॅलिफोर्नियातल्या पालो व्हर्डे खोऱ्यानं दुसरा रस्ता धरला. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या शहरांना पाणी पुरवणाऱ्या संस्थेशी त्यांनी ३५ वर्षांचा करार केला. शहराची गरज पाहून दरवर्षी खोऱ्यातली ७ ते २८ टक्के जमीन पडीक ठेवायची, ती फिरती, आणि त्याचा मोबदला घ्यायचा. हक्क शेतकऱ्यांकडंच राहिले. शिवाय गावातल्या इतर लोकांसाठी ६० लाख डॉलरचा वेगळा निधी ठेवला, कारण शेत पडीक पडलं की खतवाल्याचा आणि मजुराचाही धंदा बसतो.

आपल्याकडे शेतं लहान आहेत, त्यामुळं एकेका शेतकऱ्याशी व्यवहार शक्य नाही. संस्थेनंच चारीनिहाय पाळी लावायची: यंदा पहिल्या चारीचं उन्हाळी आवर्तन बंद, पुढच्या वर्षी दुसरीचं. मोबदला पाळीवर असलेल्या सगळ्यांना. मुखाकडच्या ऊसवाल्याला आणि शेपटाच्या ज्वारीवाल्याला हेक्टरी दर एकच, नाहीतर संस्था फुटते. आणि पाण्याची कपात उन्हाळी हंगामातून सुरू करा. रब्बीला हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी.

शासनानं शहरांकडून ‘सिंचन पुनर्स्थापना खर्च’ हेक्टरी दरानं वसूल करण्याची तरतूद केलेली आहे. तुमच्या धरणाच्या बाबतीत किती हेक्टरचा आकारला, भरला का, माफ झाला का, आणि भरला असेल तर तुमच्या लाभक्षेत्रात कुठल्या कामावर खर्च झाला, हे चार प्रश्न माहिती अधिकारात विचारा. हा पैसा तुमच्याच चाऱ्यांच्या दुरुस्तीवर पडायला हवा, यासाठी आग्रह धरण्यात काहीच संकोच नको.

पैशापेक्षा पाणी परत मागा

शहरात गेलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं. वरच्या चार लाखांच्या शहरातून रोज ४३ एमएलडी. म्हणजे साडेसतरा क्युसेकचा अखंड प्रवाह, बारा महिने, दुष्काळातसुद्धा. कुठलाही कालवा एवढी खात्री देत नाही. हे पाणी नीट प्रक्रिया करून कालव्यात परत मिळालं तर शहर आणि शेती दोघांचं भागतं.

पुण्यात हा विचार कागदावर पक्का आहे. खडकवासला धरणसाखळीतून शहर पाणी उचलतं, आणि त्याच्या बदल्यात साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून शेतीसाठीच्या बेबी कालव्यात सोडायचं, असं ठरलेलं. किती सोडलं आणि ते कसं होतं, यावरून वाद चालूच आहेत. त्या वादांतून शिकायचं ते एवढंच की परत येणाऱ्या पाण्याचं मीटर आणि तपासणी या दोन्ही गोष्टी आधी लिहून घ्याव्यात. नागपुरात भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. उद्योगाला असं पाणी दिलं की धरणातलं ताजं पाणी मोकळं होतं. तुमच्या शहराशेजारी कारखाने असतील तर हा पर्याय आधी सुचवा.

परत आलेलं पाणी डोळे झाकून रानात घेऊ नका. क्षार तपासा. विद्युत वाहकता ०.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर काळजी नाही. ३ च्या पुढं गेली तर काळ्या रानात ते पाणी नको, दोन-चार वर्षांत जमीन क्षारपड होईल आणि मग चर काढूनही लवकर सुधारत नाही. कच्चं खाल्लं जाणारं पीक, म्हणजे कोथिंबीर, काकडी, टोमॅटो, घ्यायचं असेल तर जंतूंची तपासणीही हवी. नमुना संस्थेच्या माणसासमोर घ्यायचा आणि अहवाल संस्थेला थेट यायचा. पाणी ठरल्या दर्जाचं नसेल त्या दिवसांचं धरणातलं ताजं पाणी शहराच्या कोट्यातून कापून कालव्याला मिळेल, एवढं एक कलम घातलं की प्रक्रिया केंद्र बंद पडायचं प्रमाण आपोआप कमी होतं.

करारात आणि सभेत

धरण राज्याचं आहे, त्यामुळं संस्था आणि नगरपरिषद यांनी परस्पर केलेला कागद टिकत नाही. जलसंपदा विभाग, शहर आणि संस्था असा तिघांचा करार करा. धरणावर अनेक संस्था असतील तर आधी त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ करा. एकटी संस्था गेली तर दुसरीला कमी भावात पटवलं जातं. वरच्या सगळ्या गोष्टींखेरीज करारात मुदत स्पष्ट असावी, मुदत संपल्यावर हक्क आपोआप संस्थेकडे परत येतो हे लिहिलेलं असावं, आणि शहराच्या जॅकवेलवरचं मीटर संस्थेच्या माणसाला कधीही बघता यावं. मीटर बंद पडलं तर पंपाच्या क्षमतेनुसार चोवीस तासांचा उपसा धरायचा. एवढं एक वाक्य असलं की मीटर फार दिवस बंद राहत नाही.

लाभक्षेत्रातली जमीन बिगरशेती होत असेल तर तिचा वेगळा हिशेब ठेवा. प्लॉट पडलेल्या गटांचं पाणी कुठं गेलं, हे कुणी विचारत नाही. शहर वाढीव मागणी घेऊन येतं तेव्हा हे पाणी आधीच मोकळं झालेलं असतं, आणि ते त्याच्या मागणीतून वजा व्हायला हवं. सात-बारा आणि बिगरशेतीचे आदेश दरवर्षी एकदा पडताळून पाहा.

सभेचा ठराव घाईनं करू नका. मसुदा आठवडाभर आधी चावडीवर लावा, शेपटाच्या वस्तीवर जाऊन वाचून दाखवा. गट ज्यांच्या नावावर आहे त्या बायकांना सभेला बोलवा, त्यांच्या नवऱ्याच्या सहीवर भागवू नका. विहिरीवाल्यांना मत नसलं तरी बोलायला वेळ द्या आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात घ्या. विरोधाची मतं संख्येसकट लिहा. पुढं सुनावणी झाली तर सगळे एकमतानं होते असं दाखवणाऱ्या इतिवृत्तापेक्षा प्रामाणिक इतिवृत्ताला जास्त वजन येतं.

आणि तुम्हाला न विचारताच पाणी वळवलं असेल तर? आधी आरक्षणाच्या आदेशाची प्रत मिळवा. मग नदीखोरे अभिकरणाच्या म्हणजे तुमच्या पाटबंधारे विकास महामंडळाच्या प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, सोबत पट्टीची वही, विहिरींच्या नोंदी आणि तुटीच्या वर्षाचं कोष्टक जोडा. त्याच्या निर्णयावर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे अपील करता येतं. अपिलाची मुदत आदेश हातात पडल्यापासून सुरू होते, म्हणून लिफाफ्यावरची तारीख जपून ठेवा. वकील नंतर बघता येईल, पण पुढच्या आवर्तनाला पाणी सुटायच्या आधी फ्लूमखालचं गवत काढून पट्टीचं शून्य तपासून घ्या आणि कालवा निरीक्षकाला पहिल्याच वाचनाला सहीसाठी बोलवा.